मधेच कोणी बोललं की बेरीज पुसली जाते. हे वय आहे की आजार?

दुकानवाली (ता. देवळी, जि. वर्धा)

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच. फोनमध्ये बोलून टाइप करते आहे, काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या. सून म्हणते, आई, इतकं लांब लिहिलं तर कोणी वाचत नाही. नका वाचू, पण मला जे विचारायचं ते मी पूर्ण विचारते.

वय ६२. गाव तीनेकशे उंबऱ्यांचं. घराच्या ओसरीतच किराणा दुकान आहे आणि ३४ वर्षांपासून गल्ल्यावर मीच बसते. यजमान शेतीचं बघतात. माझं शिक्षण दहावी नापास, पण हिशेबात मला कोणी हरवलं नाही. माझे बाबा आम्हा बहिणींना रोज संध्याकाळी कंदिलाजवळ बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव ते साडेतीनचे पाढे, म्हणून घ्यायचे. तेव्हा राग यायचा. पण दुकानात आल्यावर कळलं की बाबांनी केवढं देऊन ठेवलं. पाऊण किलो म्हटलं की मला गुणाकार करावाच लागत नाही, आकडा जिभेवर येतो. एक कॅल्क्युलेटर घेतला होता, त्याचा सेल गेला तो आजपर्यंत बदललेला नाही.

आता झालं असं. वेचणीचे दिवस, संध्याकाळची वेळ. बाया वावरातून येतात, हातात मजुरीचे पैसे असतात, साडेसहा ते आठ दुकानात उभं राहायला जागा नसते. शेजारचा पोट्टा आला. अर्धा किलो साखर, पाव किलो चणा डाळ, दहाची चायपत्ती, एक आगपेटी, पाचचे मुरमुरे आणि अंगाचा साबण. मी नेहमीसारखं सामान काढता काढता बेरीज करत होते. साखरेचे २२, डाळीचे २२, झाले ४४. चायपत्ती धरून ५४, आगपेटी ५६, मुरमुरे ६१. आता साबणाचे ३५ मिळवायचे, तेवढ्यात ते पैसे आल्यावर बोलणारं डबडं ओरडलं, "चाळीस रुपये प्राप्त झाले."

माझे ६१ गेले. गेले म्हणजे असे गेले की तिथे ४० येऊन बसले, आणि मला कळलंही नाही. ४० आणि ३५, मी म्हटलं ७५. पोट्ट्याने ७५ दिले आणि गेला.

रात्री आठ वाजता त्याची माय २१ रुपये घेऊन आली. म्हणाली, "काकू, तुमचे एकवीस रायले." मी पैसे घेतले, गल्ल्यात टाकले आणि रात्री जेवले नाही. पैशाचं नाही हो. ३४ वर्षांत गिऱ्हाइकाने माझी चूक मला आणून दिली, हे पहिल्यांदा झालं.

त्यानंतर मी स्वतःकडे लक्ष ठेवायला लागले आणि मग तर रोजच दिसायला लागलं. सामान सहा-सात वस्तूंचं असलं आणि कोणी मधेच "मावशी, बिडी बंडल दे" म्हटलं की बेरीज पुसली जाते. पाठीमागच्या खोलीत गूळ आणायला जाते आणि वाटेत सुनेने काही विचारलं, की खोलीत जाऊन उभी राहते. लहान पोरं एका दमात यादी म्हणतात, तर पहिल्या दोन आणि शेवटची एवढंच हाती लागतं. पूर्वी दोन गिऱ्हाइकांचं सामान एकाच वेळी बांधायचे मी, हे खरं सांगते.

पण उलटही ऐका. आमच्या गावात कोणाकडे किती उधारी होती हे मला २००४ सालापासूनचं आठवतं. कोण कोणत्या पोळ्याला फेडून गेलं, कोणाच्या पोरीच्या लग्नात मी किती तेल पाठवलं, सगळं. वही उघडायची गरज नाही. यजमान म्हणतात, "तुले लोकाईची उधारी आठवते, फक्त माह्या चष्म्याची जागा आठवत नाही." ते हसतात. मला हसू येत नाही.

कारण आमच्या सासूबाई. शेवटची चार वर्षं त्यांनी कोणाला ओळखलं नाही. मला त्या त्यांची बहीण समजायच्या. त्यांचंही असंच बारीकसारीक विसरण्यापासून सुरू झालं होतं, की माझाच समज तसा झाला आहे, हे आता सांगता येत नाही. तेव्हा आम्ही "म्हातारपण आलं" म्हणून मोकळे झालो होतो.

तर प्रश्न असा. जुनं सगळं आठवतं, पण हातातलं सुटतं, हे वयाने होतं का? की ही त्या आजाराची सुरुवात? आणि वयाने होत असेल तर दुकान कसं चालवायचं तेही सांगा. बसणं सोडणार नाही मी.

संत्रानगरी

काकू, रोज रात्री पाच बदाम भिजवा, सकाळी खा. टेन्शन घेऊ नका, टेन्शननेच होतं सगळं.

दुकानवाली

बाबा, बदाम दुकानातच आहेत. भाव बघून मीच खात नाही.

माजी वाहक, पुलगाव

ताई, नमस्कार. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, आता ६६ चालू आहे. तुमचं दुकान म्हणजे माझी गाडी, फक्त ती चालत नाही.

आर्वीच्या बाजाराच्या दिवशी गाडीत साठ माणसं. कोणाचे चौदा द्यायचे, कोणाचे सहा, कोणी पन्नासची नोट दिली, कोणाचं अर्धं तिकीट. नियमाने तिकिटाच्या मागे लिहून द्यायचं, द्यायचोही. पण गर्दीत पेन काढायला हात कुठला? मग मी तोंडाने पुटपुटत पुढे सरकायचो, "निळं लुगडं चौदा, टोपीवाले बाबा सहा, निळं लुगडं चौदा, टोपीवाले बाबा सहा." लोकांना वाटे कंडक्टर जप करतो. पुटपुटणं मोडलं की हिशेब मोडला. ड्रायव्हरने हाक मारली की माझा जीव जायचा.

पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास मला जाणवलं की पूर्वी पाच-सहा जण तोंडात राहायचे, आता तीनच राहतात. कोणाला सांगितलं नाही. पद्धत बदलली. आधी मी कुठूनही सुरू करायचो, हाक येईल तिकडे जायचो. नंतर मागच्या सीटपासून पुढे, रांगेने, एकाचं पुरतं मिटवल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाही. "ओ कंडक्टर" म्हणून कितीही ओरडला तरी बघायचं नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला माज आला. माज कसला, भीती होती. पुढे मशीन आली आणि निम्मं ओझं तिने घेतलं.

आता गंमत बघा. पुलगाव-आर्वी मार्गाचे टप्पे झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतो. आणि काल बाजारातून मुलाने चार वस्तू सांगितल्या, तीन आणल्या. तुमचं माझं एकच आहे असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नाही.

मोर्शीची मास्तरीण

काकू, मी ज्युनिअर कॉलेजमध्ये मानसशास्त्र शिकवते. तुमचा साबणाचा किस्सा उद्या वर्गात सांगणार आहे, तुमची परवानगी आहे असं धरून चालते. पुस्तकात याहून बरं उदाहरण नाही.

आपण आठवण हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे घोळ होतो. २००४ची उधारी आठवणं हे मागच्या खोलीतलं गोदाम आहे. साखर-डाळ-चायपत्ती करत ६१ धरून ठेवणं आणि त्याच वेळी साबणाची किंमत काढणं, हे गल्ल्यासमोरच्या फळीवरचं काम आहे. या फळीला वर्किंग मेमरी म्हणतात. आपल्याकडे कार्यस्मृती हा शब्द लिहितात, बोलत कोणी नाही. ती साठवण्यासाठी नसतेच, वस्तू हाताळत असताना ती खाली पडू नये म्हणून असते. आणि फळी सगळ्यांचीच अरुंद. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास असा आकडा सांगितला होता, तो फार गाजला. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं की मनातल्या मनात घोकण्याची किंवा गठ्ठे बांधण्याची सोय काढून घेतली, तर चारच्या आसपासच उरतात. म्हणजे सहा वस्तूंची यादी एका दमात ऐकणं हे तरण्याताठ्या माणसालाही जडच आहे. पोरांना शिस्त लावा.

आता ते डबडं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या फळीचे भाग पाडून दाखवले. त्यातला एक भाग आवाजाचा आहे. आपण आकडा "एकसष्ट, एकसष्ट" असा आतल्या आत म्हणत राहतो, तेच कंडक्टर काकांचं पुटपुटणं. सुमारे दोन सेकंदांत म्हणून होईल एवढंच त्यात मावतं, आणि घोकणं थांबलं की ते विरतं. शिवाय कानावर पडलेलं बोलणं तुमची परवानगी न विचारता त्याच जागेत घुसतं. तिथे एक आकडा होता, वरून दुसरा आकडा आला. सायकलची घंटी वाजली असती तर इतकं बिघडलं नसतं. त्यातून आपले मराठी आकडे! एकसष्ट म्हणताना आधी एक, मग साठ. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. लहानपणी पाठ झाल्यामुळे तुम्हाला हे जाणवत नाही, पण माझ्या वर्गातली पोरं ६९ आणि ७९ मध्ये रोज पडतात.

वयाचं म्हणाल तर हो, ही फळी वयाने आखडते. पण सगळीकडून सारखी नाही. आकडे ऐकून जसेच्या तसे म्हणायला सांगितले तर साठीतला माणूस विशीतल्यापेक्षा फार मागे पडत नाही. तेच आकडे उलटे म्हणायला सांगा, किंवा एक धरून ठेवून दुसरं काम करायला सांगा, मग फरक दिसतो. आणि तो साठीत एकदम येत नाही. विशी-तिशीत ही क्षमता सगळ्यात वर असते, तिथून हळूहळू उतार लागतो. तुम्हालाही तो चाळिशीपासूनच लागला असणार. पाऊणकी-औटकीने झाकून ठेवला. पाऊण किलोचा आकडा तुम्ही काढत नाही, गोदामातून तयार उचलता, त्यामुळे फळीवर जागा अडत नाही. मुरलेल्या माणसाला वय उशिरा पकडतं ते यामुळे. शब्दसंपत्ती आणि धंद्याची जाण तर साठीपर्यंत वाढतच राहते.

उतार का लागतो, याची दोन उत्तरं संशोधकांत चालतात आणि मला दोन्ही थोडी थोडी पटतात. टिमथी सॉल्टहाऊस यांनी १९९६ मध्ये मांडलं की मुळात वेगच मंदावतो. पुढची पायरी होईपर्यंत मागचा आकडा विरून जातो. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांचं १९८८ चं म्हणणं वेगळं: जागा कमी होते म्हणण्यापेक्षा दाराशी राखण ढिली पडते, नको ते आत येतं आणि आलेलं बाहेर जात नाही. तुमचे ४० मला या दुसऱ्या प्रकारातले वाटतात. तुम्ही ६१ नुसते विसरला नाहीत, उपऱ्याला घरात घेतलंत.

घरी गंमत म्हणून करून बघा. नातवंडाला आकडे वाचायला सांगा, सेकंदाला एक, आणि तुम्ही ते उलटे म्हणा. चार जमले तरी तुमच्या वयाला काही वाईट नाही. पण यावरून निदान ठरवू नका. शाळेत न गेलेला माणूस यात अडखळतो, म्हणजे त्याचा मेंदू बिघडला असं होत नाही.

आणि मेंदूचे खेळ शिकवणारी ॲप कोणी गळ्यात मारली तर पैसे देऊ नका. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या २८३२ लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे पहिले निकाल २००२ मध्ये आले. ज्याला जे शिकवलं, त्यात तो सुधारला. स्मरणाचा सराव केलेल्यांचा वेग वाढला नाही आणि वेगाचा सराव केलेल्यांचं स्मरण. तुमचा सराव रोज संध्याकाळी साडेसहाला फुकट होतोच आहे.

सूनच आहे मीही

सगळे धीर देत आहेत म्हणून लिहिते. आमच्या मामंजींचं हातातलं सुटत नव्हतं. वेगळंच झालं. लाइटचं बिल दोनदा भरून आले आणि पहिल्यांदा भरलं होतं हे सांगूनही त्यांना पटेना. पावती दाखवली तर म्हणाले, ही तुम्ही कुठून आणली. मग एकदा स्वतःच्या वावरातून घरी यायला निघाले आणि नाल्यापलीकडच्या पांदणीने भलत्याच गावात गेले. चाळीस वर्षांची वाट. आम्ही वय झालं म्हणत दोन वर्षं घालवली, त्याचं अजून वाईट वाटतं. काकू, तुम्हाला तुमची चूक कळली, रात्रभर लागून राहिली. मामंजींना चूक झाली हे कळतच नव्हतं. तरी एकदा दाखवून या.

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा

वरच्या ताईंनी महत्त्वाचं सांगितलं. आठवण करून दिल्यावर "हो की" म्हणणारा माणूस आणि आठवण करून दिल्यावरही कोरा राहणारा माणूस, यांत आम्ही फरक करतो. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या वाटेवर हरवणं, रोजचा स्वयंपाक किंवा धंदा पायरीने करता न येणं, स्वभाव बदलणं, आणि हे स्वतःआधी घरच्यांच्या लक्षात येणं, असं काही असेल तर थांबू नये. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. म्हणजे भीती निराधार नाही, पण उरलेले ९२ टक्क्यांहून जास्त लोक विसरतच नाहीत असंही नाही.

दुकानवाली ताई, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. गोळ्या कोणत्या चालू आहेत? सगळ्या सांगा, न विचारता घेतलेल्याही. ऐकायला कसं येतं? झोप?

दुकानवाली

डॉक्टरसाहेब, बीपीची एक. ॲसिडिटीची कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी, ती सात-आठ वर्षं झाली, कोणी बंद कर म्हटलं नाही म्हणून चालू आहे. आणि वेचणी सुरू झाली की कापसाच्या धुळीने मला शिंका धरतात. घरातच कापूस भरलेला असतो, आमची पुढची खोली छतापर्यंत. त्यासाठी रोज रात्री सर्दीची ती लहान पिवळी गोळी, दसऱ्यापासून चालू आहे. झोप त्या गोळीने चांगली लागते, सकाळी मात्र डोकं जड. ऐकायला येतं, पण गर्दीत दोघं बोलले तर कालवाकालव होते. मांसाहार नाही, माळ आहे.

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा

मग बदामाच्या आधी बरंच काम आहे. ती पिवळी गोळी बहुधा क्लोरफेनिरामाइन असेल, पाकीट बघा. त्या वर्गातल्या गोळ्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवतात, लक्ष आणि स्मरण दोन्ही मंदावतात, आणि साठीनंतर हे जास्त होतं. धंद्याच्या ऐन दिवसांतच तुमचा गोंधळ वाढतो, त्यात या गोळीचा वाटा असू शकतो. झोप न आणणाऱ्या दुसऱ्या गोळ्या मिळतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून बदला. ॲसिडिटीची कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो, त्यात तुम्ही शाकाहारी. बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक नेमकी तीच बंद करतात.

कानही तपासा. अर्धवट ऐकू आलेलं जुळवण्यातच फळी भरून जाते, बेरजेला जागा उरत नाही. मधल्या वयातलं ऐकू न येणं हा पुढच्या स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानतात.

तुमच्यासाठी सेवाग्रामचं रुग्णालय जवळ आहे. गेल्यावर स्मरणाची तपासणी करायची आहे असं स्पष्ट सांगा, नुसतं "विसरायला होतं" म्हटलं तर गर्दीत टॉनिक लिहून देतील. तपासणीत विचित्र प्रश्न विचारतील, रागावू नका. कमी शिकलेल्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या वृद्धांसाठी हिंदीत अशी एक तयार झाली होती, ती अजून वापरतात.

दुकानवाली

दीड महिन्याने लिहिते आहे. मधे तूर निघाली, वेळ नव्हता.

दाखवून आले. सून सोबत होती. तिथल्या मुलीने तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तिन्ही सांगितले. वार उलटे म्हणायला लावले, रविवार, शनिवार, शुक्रवार, म्हटले. १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं, तर मी खाली २ पर्यंत थांबलेच नाही. ती म्हणाली, बस आजी, पुरे. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती फोनवर कोणाला तरी "अठ्ठावीस तारखेला" म्हणाली, तेव्हा माझं शेवटचं संपलेलं होतं म्हणून बरं झालं.

डॉक्टरांच्या मते सध्या त्या आजारासारखं काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा या. बी-१२ निघालं १४८. दोनशेच्या वर पाहिजे म्हणतात. इंजेक्शनं सुरू आहेत. पिवळी गोळी बंद केली, दुसरी पांढरी दिली आहे. शिंका थोड्या येतात, पण सकाळी डोकं हलकं असतं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं निघालं आणि ते बोलणारं डबडं नेमकं डाव्या बाजूला होतं! कमी ऐकू येऊनही तेच कसं घुसायचं, देव जाणे. कर्णकर्कश आहे ना.

त्या डबड्याचं मी आधी काय केलं ते सांगते. उचललं आणि तांदळाच्या पिप्यात टाकून झाकण लावलं. आतून बारीक पुटपुटायचं, पिशाच्चासारखं. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, आई, पैसे आले की नाही हे कळणार कसं, उद्या कोणी नुसता फोन दाखवून जाईल. तिचं बरोबर होतं. आता ते तिच्या बाजूला ठेवलं आहे, आवाज अर्धा, आणि आलेल्या पैशांकडे तीच बघते. माझ्याकडे फक्त नगद.

कंडक्टर भाऊ, तुमची रांग मी लावली. एकाचं पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकायचं नाही. बाया दोन दिवस फुगल्या. एक म्हणाली, "दुकानवाली लय मोठी झाली आता." म्हटलं, होय बाई, ६२ ची झाली. दुसरं म्हणजे सामान आता मी काउंटरवर मांडत जाते, पिशवीत टाकत नाही. बेरीज तुटली तर पहिल्या वस्तूपासून बोट ठेवत पुन्हा करते. पूर्वी असं करणाऱ्या दुकानदाराला मी मनात हसायचे. आणि मोठी यादी असली की खडूने फळीवर मधला आकडा लिहून ठेवते, ६१ म्हणजे ६१, मग कोणी कितीही बोलो.

मास्तरीणबाई, आकड्यांचा खेळ खेळलो. नात सातवीत आहे. उलटे म्हणायला मला चार जमतात, पाचावर कधी हो कधी नाही. तिला सहा जमले. मग मी तिला म्हटलं, साडेतीन सत्ते किती? ती फोन शोधायला लागली. मी म्हटलं साडेचोवीस, आणि पुढे औटकी म्हणत गेले, ती तोंडाकडे बघत राहिली. यजमानांनाही खेळायला बोलावलं तर त्यांना एकदम बैलाला पाणी पाजायचं आठवलं.

आता यातलं नेमकं कशाने बरं वाटतं, गोळी बंद केल्याने, इंजेक्शनने, की खडूने, ते मला सांगता येत नाही. सगळं एकदमच केलं. बेरीज अजूनही पुसली जाते, पण आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, आणि पुसली गेली हे तिथल्या तिथे कळतं.

तो साबणवाला पोट्टा काल आला होता. सामान मांडलं आणि त्यालाच म्हटलं, तू कर बेरीज. त्याने बोटं मोजत ८३ सांगितले. होते ८५. दोन रुपयांची आगपेटी त्याने धरलीच नव्हती, कारण मी मधेच त्याला मायची तब्येत विचारली होती.